क्विल्टेड टेबल रनरचा काठ: निवड, माप आणि शिलाई

साठ इंच रुंदीच्या गोधडीला दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंचांचा काठ लावला, तर तो तिच्या रुंदीचा जेमतेम पंधरावा भाग व्यापतो. तोच काठ बारा इंच रुंदीच्या टेबल रनरला, म्हणजे टेबलाच्या मधोमध अंथरायच्या लांब पट्टीला लावला, तर रनरचा तिसरा हिस्सा काठातच जातो. रनर शिवताना मधल्या तुकड्यांची मांडणी आधी पूर्ण करून मग उरलेल्या कापडातून काठ काढण्याची पद्धत म्हणूनच फसते. रनरमध्ये काठ आधी ठरवावा, मधला भाग त्याच्या हिशेबाने बसवावा, आणि काठाची लांबी कापडावर न सोडता मोजून कापावी. पुढील सर्व कृती या तीन गोष्टींभोवतीच फिरते.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. सहा जणांचे जेवणाचे टेबल ६० इंच लांब आणि ३६ इंच रुंद आहे. समोरासमोर दोन ताटे मांडली की प्रत्येक ताट टेबलाच्या कडेपासूनच्या मोकळ्या जागेसह साधारण १२ इंच जागा घेते, म्हणजे मध्ये १२ इंच उरतात. टेबलाच्या रुंदीचा एक तृतीयांश ही रनरची रुंदी नुसती शोभेसाठी ठरलेली नाही. ताट रनरवर अर्धे चढून डुगडुगू नये, हे तिच्यामागचे साधे कारण आहे. लांबीकडे दोन्ही टोकांना ६-६ इंच कापड खाली लोंबावे असे धरले, तर रनर १२ बाय ७२ इंचांचा होतो. यातून चारही बाजूंचे २-२ इंच काठासाठी वजा केले की मधला भाग ८ बाय ६८ इंचांचा उरतो. त्यात ४ इंचांचे चौकोन आडवे २ आणि उभे १७, असे एकूण ३४ चौकोन नेमके बसतात. हे उलट्या दिशेने, म्हणजे काठापासून आत मोजत आलो म्हणूनच बसले. आधी मनाला येईल तसे पाच इंचांचे चौकोन जोडले असते, तर दोन चौकोनांतच १० इंच संपले असते आणि काठासाठी बाजूला एकेक इंच उरला असता.

काठ किती रुंद असावा, याला एकच उत्तर नाही; मात्र मधल्या भागातील एका चौकोनाच्या निम्म्याच्या आसपास काठ ठेवला की तो डोळ्याला बेताचा वाटतो, असा माझा अनुभव आहे. आपल्या उदाहरणात चौकोन ४ इंचांचा आणि काठ २ इंचांचा आहे. हे दोन इंच एकाच कापडाचे ठेवण्यापेक्षा आत अर्ध्या इंचाची अरुंद पट्टी आणि बाहेर दीड इंचाचा मुख्य काठ अशी विभागणी केली, तर मधल्या भागातील छापील कापडांची गर्दी त्या अरुंद पट्टीपाशी थांबते. ही पट्टी एकरंगी आणि शक्यतो मधल्या भागातल्या सर्वांत गडद रंगाची असावी. छापील कापडाची अर्ध्या इंचाची पट्टी कापली की तिच्यावरची नक्षी ओळखू येत नाही आणि पट्टी मळकट दिसू लागते.

टोकांच्या काठाचा विचार वेगळा करावा. साडीला काठ असतो तसा पदरही असतो, आणि पदर काठापेक्षा ठसठशीत असतो. रनरची टेबलाखाली लोंबणारी दोन टोके म्हणजे त्याचे पदरच. दारातून आत येणाऱ्याला प्रथम तीच दिसतात. म्हणून लांब बाजूंना २ इंचांचा आणि टोकांना ४ इंचांचा काठ ठेवला, तर रनर उठून दिसतो. तसे करायचे झाल्यास मधल्या भागातला चौकोनांची एक आडवी रांग कमी करावी, म्हणजे एकूण लांबी तीच राहते. मात्र दोन बाजूंच्या रुंदी वेगळ्या असल्या की कोपऱ्यातला तिरका जोड पंचेचाळीस अंशांत येत नाही, त्यामुळे अशा रनरला सरळ जोडच द्यावा.

रंगाची निवड

काठाचा रंग ठरवताना मधला भाग नुसता जमिनीवर पसरून पाहू नये. तो ज्या टेबलावर जाणार आहे त्याच टेबलावर ठेवावा, काठासाठी निवडलेली दोन-तीन कापडे घडी घालून कडेला दोन इंच दिसतील अशी सरकवावीत आणि आठ-दहा फुटांवरून पाहावे. शिसवी किंवा सागवानी गडद लाकडावर चॉकलेटी काठ टेबलातच विरघळतो आणि रनर आहे त्यापेक्षा अरुंद दिसतो. काचेच्या टेबलावर अगदी फिका काठ चालतो, पण खालची फरशी पांढरी असेल तर तोही हरवतो. रंगांचा गडद-फिकेपणा डोळ्याला चकवतो. लाल आणि हिरवा हे वेगळे रंग असूनही सारखेच गडद असू शकतात. त्यासाठी मोबाईलमधून कृष्णधवल छायाचित्र काढून पाहावे. त्यात काठ आणि लगतचे चौकोन एकाच करड्या छटेचे दिसले, तर तो काठ काठाचे काम करणार नाही.

आपल्याकडच्या जेवणाच्या टेबलासाठी आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. रनरचा काठ ताटाला लागून असतो, आणि वरण-आमटीचा पहिला थेंब त्याच्यावरच पडतो. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि उन्हात हळूहळू फिका पडतो, पण तोवर पांढरा किंवा मोतिया काठ डागाळलेलाच दिसतो. रोजच्या वापराच्या रनरला मध्यम ते गडद रंगाचा, किंवा बारीक छपाईचा काठ लावावा आणि फिके रंग मधल्या चौकोनांसाठी ठेवावेत. सणासुदीपुरता काढायचा रनर असेल तर हे बंधन पाळण्याचे कारण नाही.

मधल्या भागात नसलेला रंग काठात आणू नये, असा नियम सांगितला जातो. मी तो काटेकोरपणे पाळत नाही. पण नवा रंग आणलाच, तर तो आतल्या अरुंद पट्टीत आणावा आणि बाहेरचा काठ मधल्या भागातल्या एखाद्या रंगाला धरून ठेवावा, म्हणजे तो नवा रंग उपरा वाटत नाही.

साडीचा काठ आणि खण

जुन्या साडीचा काठ रनरला लावण्याची कल्पना सुंदर आहे, आणि त्यामागे शिवणकामाच्या दृष्टीने एक भक्कम कारणही आहे. साडीचा काठ साडीच्या लांबीच्या दिशेने विणलेला असतो, म्हणजे तो कापडाच्या उभ्या धाग्यातच असतो, आणि उभा धागा सर्वांत कमी ताणला जातो. बाजारातून आणलेल्या कापडातून उभ्या धाग्याची दोन मीटर लांब पट्टी काढायची तर दोन मीटर कापड घ्यावे लागते. साडीचा काठ हे काम आयतेच करून देतो. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब असते आणि नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास. आपल्या रनरला तिरक्या कोपऱ्यांसह एकूण सुमारे १९० इंच काठ लागतो. सहावारीच्या एका बाजूचा काठ धड असेल तर तेवढ्यात भागते, आणि मध्ये विरलेला भाग वगळावा लागला तर दुसऱ्या बाजूचा काठ हाताशी असतोच.

इरकली साडीचे सुती-रेशमी काठ आणि सुती नारायणपेठीचे काठ या कामाला चांगले. विदर्भातल्या करवती काठाच्या साडीची दातेरी नक्षी तर रनरच्या लांब बाजूला फारच देखणी दिसते. खणाच्या कापडाचेही काठ वापरता येतात. कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथे विणला जाणारा खण महाराष्ट्रात घरोघरी ओळखीचा आहे, पण त्याचे धागे कापल्याबरोबर सुटू लागतात, आणि पाव इंचाच्या शिलाईत सुटलेले धागे म्हणजे पुढे फाटणारा जोड. त्यासाठी खण किंवा रेशमी काठ कापण्यापूर्वीच त्याच्या उलट बाजूला पातळ, सुती पेस्टिंग इस्त्रीने चिकटवावे आणि मग पट्टी कापावी. काठात जरतार असेल तर वर सुती कापड ठेवूनच इस्त्री फिरवावी व उष्णता कमी ठेवावी. वापरलेल्या रेशमी काठाला घडीवर चीर गेली आहे का, हे तो उजेडासमोर धरून पाहिल्यावाचून कात्री लावू नये.

काठ साडीपासून वेगळा करताना नेमका त्याच्या रेषेवर कापला, तर शिलाईत जाण्यासाठी कापडच उरत नाही आणि काठाची पहिली रेघ दुमडून आत जाते. काठ जिथे संपतो तिथून साडीच्या अंगाकडचे दोन सूत, म्हणजे पाव इंच कापड काठाबरोबर ठेवावे. मग शिवताना सुई बरोबर काठाच्या आतल्या रेघेवरून चालते आणि उघडल्यावर अंगाचा एकही धागा दिसत नाही. बाहेरच्या बाजूला जी घट्ट विणलेली किनार असते ती गोटाच्या, म्हणजे शेवटी रनरच्या कडेभोवती दुमडून लावायच्या पट्टीच्या, शिलाईत जाईल अशी ठेवावी, कारण किनार धुतल्यावर बाकीच्या कापडापेक्षा वेगळी आकसते.

कापड किती घ्यावे

साध्या सुती कापडाचा काठ लावायचा असेल, तर पट्ट्या उभ्या धाग्यात कापाव्यात की आडव्या, हा प्रश्न पहिल्यांदा सोडवावा. उभ्या धाग्याची पट्टी ताणली जात नाही आणि ७० इंचांत तिला एकही जोड लागत नाही. त्यासाठी दोन मीटर कापड घ्यावे लागते, पण काठ निघाल्यावर उरलेले कापड पाठीला किंवा चौकोनांना वापरता येते. आडव्या धाग्याची पट्टी किंचित ताणली जाते. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून किनारी काढून तिचे सुमारे ४२ इंच हाती येतात, त्यामुळे लांब बाजूंना जोड अटळ असतो. माझे मत उभ्या धाग्याच्या बाजूने आहे. कापड थोडेच असेल, तर बाहेरच्या काठासाठी २ इंच रुंदीच्या पाच आडव्या पट्ट्या कापाव्यात, त्या तिरक्या जोडाने एकमेकींना जोडून एकच लांब पट्टी करावी आणि तिच्यातून हवे ते तुकडे घ्यावेत. जोड तिरका दिला की तो काठात मिसळून जातो, सरळ दिला तर काठाला भेग पडल्यासारखी दिसते. तो बाजूच्या बरोबर मध्यावर येणार नाही, एवढेही पाहावे.

कापड आणल्यावर ते धुतल्याशिवाय कापू नये. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन टक्के आटले, तरी ७२ इंचांत दोन इंचांहून अधिक फरक पडतो. काठ आटला आणि मधला भाग आटला नाही, तर रनर कडेने चुण्या घेतो. लाल, नीळ आणि गडद जांभळ्या रंगांची कापडे वेगळी भिजवावीत, त्यांच्यावर ओला पांढरा रुमाल दाबून पाहावा, आणि रुमाल कोरा राहीपर्यंत पाणी बदलत राहावे. मिठाच्या पाण्यावर विसंबू नये. कापड किंचित दमट असतानाच इस्त्री करावी, आणि इस्त्री ओढण्याऐवजी उचलून पुढे ठेवत जावी, म्हणजे कापडाचा चौकोनीपणा बिघडत नाही.

दोन सुतांची शिलाई

क्विल्टच्या जोडकामात शिलाईसाठी पाव इंच, म्हणजे दोन सूत कापड आत सोडतात. इंचाचे आठ सूत हा हिशेब शिंपी आणि सुतार दोघांच्याही तोंडी असतो, आणि या कामात तो फार उपयोगी पडतो. समजा, प्रत्येक शिलाईत दोनऐवजी अडीच सूत कापड गेले. चूक अर्ध्या सुताची, पण ती जोडाच्या दोन्ही तुकड्यांत होते, म्हणून प्रत्येक जोडात एक सूत कमी होते. सतरा चौकोनांच्या रांगेत सोळा जोड असतात. सोळा सूत म्हणजे पूर्ण दोन इंच. मधला भाग, बाहेरच्या न शिवलेल्या कडा धरून, ६८.५ इंचांऐवजी ६६.५ इंचांचा होतो, आणि शिवणाऱ्याला आपले कोठे चुकले हे शेवटपर्यंत कळत नाही.

यावर उपाय साधा आहे. मशीनच्या सुईखाली फूटपट्टी ठेवून सुईपासून बरोबर दोन सुतांवर मशीनच्या पट्टीवर कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावावेत, म्हणजे कापडाची कड टेकवायला आधार मिळतो. मग अडीच इंचांचे तीन तुकडे एकमेकांना जोडून, इस्त्री करून मधला तुकडा मोजावा. तो नेमका दोन इंच भरला पाहिजे. पावणेदोन इंच आणि थोडा अधिक भरला तर चिकटपट्टी सुईकडे सरकवावी. सुती कापडाला १४ नंबरची सुई आणि इंचाला दहा-अकरा टाके पुरतात. जुन्या काळ्या पायमशीनवरही हे काम उत्तम होते, कारण ती सरळ टाक्यासाठीच बनलेली असते.

काठ मोजणे

माझ्या पहिल्या रनरचा काठ मी मोजलाच नव्हता. लांब पट्टी मधल्या भागावर ठेवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवत गेले आणि उरलेली पट्टी कापून टाकली. टेबलावर पसरल्यावर मधला भाग सपाट बसला आणि दोन्ही काठ लाटांसारखे वर-खाली उठले. इस्त्रीने, पाणी मारून, जड पुस्तके ठेवूनही ते बसले नाहीत. उसवून मोजले, तेव्हा एका बाजूची पट्टी मधल्या भागापेक्षा सव्वा इंच लांब निघाली. पट्टी मोकळी होती, शिवताना हाताने नकळत ताणली गेली, आणि चौकोनांच्या कापलेल्या कडाही ताणल्या गेल्या. दोन्ही बाजूंचे ताण जुळले, म्हणून शिवताना काहीच खटकले नव्हते.

म्हणून मधला भाग इस्त्री करून सपाट पृष्ठभागावर पसरावा आणि त्याची लांबी तीन ठिकाणी मोजावी: दोन्ही कडांवर आणि बरोबर मधून. कडा हाताळणीत ताणलेल्या असतात, मध्यावरचे माप सर्वांत विश्वासाचे. तिन्ही मापांतला फरक दोन-तीन सुतांचा असेल, तर मधले माप धरावे. फरक अर्ध्या इंचापलीकडे गेला, तर कोणत्या तरी जोडात चूक आहे. काठाने ती झाकण्याचा प्रयत्न न करता तो जोड शोधून दुरुस्त करावा. दोन्ही लांब काठ एकाच मापाचे कापावेत. डाव्या बाजूचे माप डाव्या काठाला आणि उजव्याचे उजव्याला असे केले, तर रनर वाकडाच तयार होतो.

आपल्या उदाहरणातला मधला भाग न शिवलेल्या कडांसह ८.५ बाय ६८.५ इंच आहे. आतली पट्टी एक इंच रुंद कापायची, म्हणजे शिवल्यावर ती अर्धा इंच दिसते. लांब बाजूंसाठी ६८.५ इंचांच्या दोन पट्ट्या लावल्या की रुंदी ९.५ इंच होते, म्हणून टोकांसाठी ९.५ इंचांच्या दोन पट्ट्या. आता रनर ९.५ बाय ६९.५ इंचांचा झाला. बाहेरचा काठ दोन इंच रुंद कापायचा: लांब बाजूंना ६९.५ इंचांचे दोन, आणि मग टोकांना १२.५ इंचांचे दोन. शेवटी १२.५ बाय ७२.५ इंच भरतात. गोट लावल्यावर बाहेरचे दोन सूत गोटाखाली जातात आणि काठ नेमका दीड इंच दिसतो. हे आकडे काम नकाशाबरहुकूम झाले तरच लागू आहेत. प्रत्येक फेरीनंतर पुन्हा मोजावे आणि पुढची पट्टी त्या मापानेच कापावी.

शिवणे

लांब बाजू आधी, टोके नंतर. टोकाची पट्टी पूर्ण रुंदीभर अखंड गेली की लोंबणाऱ्या भागावर जोड दिसत नाही.

काठाची पट्टी दुमडून तिचा मध्य, मग चौथाई आणि मग अष्टमांश खडूने किंवा टाचणीने खुणावावा. मधल्या भागाच्या कडेवरही तशाच आठ खुणा कराव्यात. ६८.५ इंचांत त्या साडेआठ-साडेआठ इंचांवर येतात. काठ आणि मधला भाग सुलट बाजू समोरासमोर ठेवून आधी दोन्ही टोके टाचावीत, मग मध्य, मग उरलेल्या खुणा, आणि शेवटी दर तीन इंचांवर एक टाचणी. दोन खुणांच्या मध्ये मधला भाग किंचित सैल पडत असेल, तर त्यात काही बिघडले नाही. तो सैलपणा त्या साडेआठ इंचांतच जिरवायचा आहे. त्यासाठी सैल भाग खाली आणि काठ वर ठेवून शिवावे. मशीनचे दाते खालचे कापड थोडे अधिक पुढे ओढतात आणि वरचा दाब वरच्या कापडाला मागे रेटतो, त्यामुळे खालचा सैलपणा चुणी न पडता आत जातो. काठ ताणून जुळवू नये. टाचणी सुईखाली जाण्यापूर्वी काढावी, आणि रनरचा उरलेला भाग मांडीवर किंवा बाजूच्या स्टुलावर आधाराने ठेवावा. तो टेबलाखाली लोंबला तर स्वतःच्या वजनानेच कड ओढतो.

शिलाई झाली की आधी जोड मिटलेला असतानाच त्याच्यावर इस्त्री दाबावी, म्हणजे टाके कापडात बसतात. मग काठ उघडून जोडाचे कापड काठाकडे वळवून दाबावे. आतली अरुंद पट्टी उघडल्यावर तिची रुंदी सर्वत्र सारखी आहे का ते नीट पाहावे, कारण अर्ध्या इंचाच्या पट्टीत अर्ध्या सुताचा फरकही डोळ्यांत भरतो. मी बाहेरचा काठ शिवताना उलट बाजू वर ठेवते आणि आतल्या पट्टीची आधीची शिलाई समोर दिसत असल्याने सुई तिच्यापासून नेमकी अर्ध्या इंचावर चालवते. कापडाच्या कडेपेक्षा त्या शिलाईचा आधार अधिक भरवशाचा असतो.

कोपरे

सरळ जोडाच्या कोपऱ्यात टोकाची पट्टी लांब पट्टीवरून आडवी जाते. एकरंगी किंवा बारीक छपाईच्या काठाला तो पुरतो. काठाच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचे चौकोन बसवणे हा दुसरा मार्ग. त्यासाठी टोकाच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना काठाइतक्या रुंदीचा एकेक चौकोन आधी जोडून घ्यावा आणि मग ती पट्टी रनरला लावावी. जोडावर जोड बरोबर येण्यासाठी एका जोडाचे कापड एकीकडे आणि दुसऱ्याचे दुसरीकडे वळवले की ते बोटांना एकमेकांत अडकल्याचे जाणवते, आणि तिथे टाचणी मारली की ते हलत नाहीत. उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजातल्या स्त्रिया आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची फुले लावल्यावाचून ती पुरी झाली असे मानत नाहीत. कोपऱ्याचे चौकोन लावताना मला त्यांची आठवण हटकून होते.

साडीच्या काठाला मात्र तिरकाच जोड हवा. साडीच्या काठाला आतली आणि बाहेरची अशी दोन वेगळी अंगे असतात. सरळ जोड दिला तर कोपऱ्यात नक्षी अचानक तुटते. येथे आतली पट्टी वेगळी न लावता अडीच इंच रुंदीचा काठ धरू. पट्टीची लांबी काढताना बाजूच्या लांबीत काठाची रुंदी दोनदा मिळवावी आणि वर चार इंच अधिक ठेवावेत. म्हणजे लांब बाजूंना ६८.५ अधिक ५ अधिक ४, असे ७७.५ इंच, आणि टोकांना १७.५ इंच.

मधल्या भागाच्या उलट बाजूला चारही कोपऱ्यांत दोन्ही कडांपासून दोन सुतांवर पेन्सिलीने ठिपका द्यावा. काठावरची एक बुट्टी निवडून तिचा मध्य बाजूच्या मध्यावर ठेवावा. असे केले की दोन्ही कोपऱ्यांत नक्षी आरशातल्यासारखी जुळते. शिलाई एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंतच घालावी आणि दोन्ही ठिकाणी दोन टाके मागे घेऊन पक्की करावी. ठिपक्याच्या एक टाकाही पुढे गेल्यास कोपऱ्यात चुणी पडते. चारही काठ लागले की प्रत्येक कोपऱ्यात दोन पट्ट्यांची टोके मोकळी राहतात. रनर त्या कोपऱ्यात तिरका दुमडावा, सुलट बाजू आत, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकमेकींवर कड-कड जुळून पडतात. मधल्या भागाची घडी जिथे ठिपक्याला मिळते, तिथपासून त्या घडीच्याच रेषेत फूटपट्टी लावून पट्टीवर बाहेरपर्यंत रेघ ओढावी. गुण्याने ती पंचेचाळीस अंशांत आहे ना हे तपासावे. नक्षीच्या प्रत्येक ठळक रेघेवर एक टाचणी आरपार घालून ती खालच्या पट्टीच्याही त्याच रेघेतून बाहेर येते का ते पाहावे. मग ठिपक्यापासून बाहेरच्या दिशेने शिवावे. उघडून सुलट बाजूने पाहिल्यावर, कोपरा सपाट बसला असेल तरच दोन सूत ठेवून जास्तीचे कापड कापावे, आणि हा जोड दोन्हीकडे उघडून इस्त्री करावा. पहिला कोपरा जुन्या कापडावर करून पाहण्यात गेलेला अर्धा तास वाया जात नाही.

थर, टाके आणि गोट

रनरच्या आतला थर पातळ सुती असावा. फुगीर थरावर पाण्याचा पेला स्थिर उभा राहत नाही. तो थर आणि पाठीचे कापड चारही बाजूंनी दोन इंच मोठे घ्यावे, म्हणजे साधारण १७ बाय ७७ इंच. तिन्ही थर पसरून मध्यापासून बाहेर कच्चे टाके घालावेत.

आपल्या गोधडीत धावदोरा बहुधा कडेपासून आत, चौकोनात चौकोन करत जातो, आणि ते तिथे योग्यच आहे, कारण हातचा टाका कापड पुढे ढकलत नाही. मशीनचा दाब मात्र वरचा थर सुईच्या पुढ्यात थोडाथोडा साचवत जातो, म्हणून मध्यापासून सुरुवात करून सरकलेल्या कापडाला कडेकडे वाट द्यावी. मी प्रथम मधल्या चौकोनांच्या जोडांतून लांब शिलाई घालते, नंतर मधला भाग आणि आतली पट्टी यांच्या खोबणीत रनरच्या चारही बाजूंनी एक फेरी, आणि शेवटी काठावर. काठावर टाके घालायचा कंटाळा करू नये. मधल्या भागात दाट टाके पडले की तो आकसतो, आणि काठ रिकामा राहिला तर लांबच राहून लाटा घेतो. दीड इंचाच्या काठात दोन समांतर फेऱ्या पुरतात.

टाके पूर्ण झाल्यावर गुण्या लावून कोपरे तपासावेत आणि काठाची रुंदी सर्वत्र सारखी राहील अशा बेताने जास्तीचे थर कापावेत. गोटासाठी सव्वादोन इंच रुंदीच्या, आडव्या धाग्याच्या पाच पट्ट्या तिरक्या जोडाने जोडून, लांबीत दुमडून इस्त्री करावी. रनरचा परीघ १७० इंच आहे, वर दहा-बारा इंच जोडासाठी. सरळ कडेला तिरकस कापडाचा गोट लागत नाही, उलट तो ताणला जाऊन कड पुन्हा लाटांची होते. गोट सुलट बाजूने दोन सुतांवर शिवावा, प्रत्येक कोपऱ्यात शिलाई दोन सूत आधी थांबवून पट्टी वर दुमडून परत खाली आणावी, आणि मागे वळवून हाताने लपता टाका घालावा.

एवढे करूनही काठ थोडा उठला, तर तो किती उठला ते मोजावे. सत्तर इंचांत दोन-तीन सुतांचा फरक असेल तर वाफेची इस्त्री उचलून-दाबून आणि काठावर आणखी एक फेरी टाके घालून तो बसतो. अर्ध्या इंचापेक्षा अधिक असेल, तर गोट लागण्यापूर्वी, शक्य तर थर जोडण्यापूर्वीच, ती बाजू उसवावी. उसवताना दर चौथा टाका कापून उलट बाजूचा धागा ओढला की तो अखंड निघून येतो आणि कापडाची कड ताणली जात नाही. मग काठ पुन्हा मधल्या मापाने कापून, आठ खुणा करून, टाचून शिवावा.

रनर प्रथम धुताना थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता धुवावा, आणि दोरीवर न टाकता सावलीत सपाट पसरून वाळवावा. साडीचा रेशमी काठ असलेला रनर घरी धुऊ नये.